नजर समोर, लक्ष कडेला

नजर जागची न हलवता लक्ष हलवता येते. गळीत हंगामात पलूस–किर्लोस्करवाडी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरचालक समोर पाहत असतो, पण त्याचे लक्ष साइडपट्टीवरच्या सायकलवाल्याकडे असू शकते. शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच हे स्वतःवर प्रयोग करून पाहिले होते. त्याची मेंदूतली विद्युत खूण मात्र पुढे ईईजीने, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीने, दाखवली.

प्रयोग साधा असतो. माणूस पडद्यावरच्या मधल्या फुलीकडे टक लावून बसतो आणि सांगितल्याप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे लक्ष ठेवतो. डावीकडची चमक दर वेळी तीच असते आणि दृष्टिपटलावर त्याच जागी पडते. तरीही लक्ष तिकडे असेल तर डोक्याच्या मागच्या उजव्या भागावर, सुमारे 100 मिलिसेकंदांनी उमटणारी पी1 लहर मोठी येते. तिची वेळ आणि आकार जवळपास तेच राहतात, वाढते ती उंची. त्यामुळे संशोधक स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षाची तुलना आवाज वाढवण्याच्या बटणाशी केली. त्याआधीची सी1 लहर बहुतेक प्रयोगांत बदलत नाही. म्हणजे दृक्‌बाह्यकात प्रत्येक चमकेची पहिली वर्दी सारखीच पोहोचते, निवड त्यानंतर लगेच सुरू होते. पी1 च्या उंचीतला हा फरक जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्टचा असतो. शेकडो चमकांची सरासरी काढल्याशिवाय तो दिसत नाही.

चमक येण्याआधीही तयारी दिसते. लक्ष डावीकडे वळले की उजव्या मागच्या भागातील 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी क्षीण होतात. डाव्या भागात त्या तुलनेने जोरकस राहतात.

दवाखान्यात या गोष्टीचे मोल मोठे आहे. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर काही रुग्ण ताटाच्या डाव्या बाजूची भाकरी तशीच ठेवतात. दृष्टी शाबूत असूनही त्या बाजूला लक्ष जात नाही, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो.

व्हीईपी तपासणीत, म्हणजे डोळ्यांपासून मेंदूपर्यंतच्या दृष्टिमार्गाच्या विद्युत तपासणीत, तर रोजच सावध राहावे लागते. पहाटे पलूसहून निघून मिरजेला आलेला, पेंगुळलेला रुग्ण चौकटींच्या पडद्याकडे नुसते डोळे लावून बसला, तरी या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या पी100 लहरीची उंची घटते, कधी वेळही लांबते, आणि दोष दृष्टिचेतेच्या माथी जातो. टेक्निशियनने रुग्णाचे लक्ष कुठे होते हे पट्टीवर लिहावे. शंका आली तर त्याला चहा पाजून, नीट समजावून तपासणी पुन्हा करावी आणि मगच अहवालावर सही व्हावी.