माया बायका आजच्या आहेत

अभ्यासवर्गात मी ‘इतर संस्कृती’ हा विषय घेते. माया म्हटलं की पिरॅमिड, पंचांग आणि ‘लुप्त झालेले लोक’ हीच उत्तरं येतात. मैत्रिणींनो, ग्वाटेमालात आजही लाखो माया लोक राहतात, वीसहून अधिक माया भाषा बोलतात. अवशेषांपेक्षा आधी त्यांच्याकडे पाहायला हवं, असं मला वाटतं.

सेपूर सार्कोच्या केक्ची बायकांचंच घ्या. नवऱ्यांनी कसत्या जमिनीचे कागद मागितले. १९८२ मध्ये लष्कराने त्यांना उचलून नेलं, ते परतले नाहीत. या बायकांना छावणीत पाळीपाळीने रांधायला-धुवायला लावलं, बलात्कार केले. २०१६ मध्ये त्या कोर्टात आल्या त्या ओळख झाकायला तोंडावरून शाली घेऊन. (ही ‘लाज’, असं म्हणायची आपल्याला कोण घाई!) कोर्ट स्पॅनिश, त्या केक्चीत बोलल्या, दुभाष्यामार्फत. एका माजी लष्करी अधिकाऱ्याला १२० आणि लष्कराच्या स्थानिक हस्तकाला २४० वर्षांची शिक्षा झाली. भरपाईत त्यांनी पैशाखेरीज जमीन, शाळा, दवाखाना मागितला.

अत्याचाराची केस आपण एकटीची धरतो. त्यांनी नुकसान अख्ख्या गावाचं मांडलं. पुढच्या वर्गात पंचांगाऐवजी मी हा निकाल घेणार आहे.