पासपोर्ट इकडे, मैदान तिकडे

महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत २०१७ साली बेंगळुरूत भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं निसटतं हरवलं आणि वरच्या विभागात जागा मिळवली. २०२१ मध्ये अम्मानला आठ संघांत आठवा नंबर आला, संघ परत खाली गेला. म्हणून २०२३ ला हीच स्पर्धा सिडनीत झाली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींना आपल्या मुली खेळताना बघायला मिळाल्या नाहीत.

फिलिपिन्सच्या संघात अमेरिकेत वाढलेल्या मुली दिसतात, कारण तो देश दुहेरी नागरिकत्व देतो. भारत देत नाही. मेलबर्न किंवा न्यू जर्सीत जन्मलेली आपली लेक कितीही चांगली खेळो, नुसत्या ओसीआय कार्डावर तिला भारताची जर्सी मिळत नाही.

पण सांगली-नागपुरातल्या भाचीकडे तो पासपोर्ट आहेच. तिच्याकडे नाही ते बरं मैदान, बूट आणि शिकवणारं माणूस. त्याहून मोठी अडचण घरातली: दहावी आली की 'आता खेळ पुरे'. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघापर्यंत पोहोचली, ती खेळत राहिली म्हणूनच.

तेव्हा सुट्टीत गावी याल तेव्हा चॉकलेटं आणाच. पण भाचीचा एक सामनाही बघा, आणि तिच्या आईबाबांना सांगा, 'खेळू दे तिला.' फोनवर तुमचा शब्द घरात चालतो. तो इथेही वापरा.