व्यायामाची वही आणि वस्तादाची नजर

मल्हारगंजातील वाचकांना बलोपासनेचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. होळकरांच्या राजाश्रयाने इंदूरच्या मातीत कुस्ती रुजली. याच शहरातील कृपाशंकर पटेल यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. आखाड्यात कोणी किती जोर-बैठका काढल्या, कोणाचा खांदा दुखावला आहे, हे सारे वस्तादांच्या ध्यानात असे. आज आखाड्याची जागा जिमने घेतली आणि वस्तादांची जागा मोबाईलमधील अ‍ॅपने घ्यावी, अशी अपेक्षा दिसते. “डॉक्टरसाहेब, वजनाच्या व्यायामासाठी कोणते अ‍ॅप घेऊ?” असे रुग्ण विचारतात आणि आपण तो प्रश्न हसण्यावारी नेतो. माझ्या मते हा प्रश्न वैद्यकीयच आहे.

अमेरिकन सैन्यातील डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली जखमी सैनिकांच्या दुर्बल स्नायूंवरील आपली उपचारपद्धती प्रसिद्ध केली. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असे वजन ठरवायचे आणि शक्ती वाढेल तसे ते क्रमाक्रमाने वाढवायचे, हे तिचे सूत्र. मागील वेळी किती उचलले हे ठाऊक नसेल, तर पुढे किती उचलावे हे कसे ठरणार? म्हणजे नोंद हा या उपचाराचाच भाग आहे.

वार्धक्यातील स्नायूंच्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ साली मिळाले. त्यानंतरच्याच वर्षी, नव्वदीच्या घरातील वृद्धांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिल्यावर त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचा व्यायाम सांगितला आहे. आपल्या चिठ्ठीवर मात्र अजूनही ‘रोज फिरणे’ एवढेच असते!

आता निवडीविषयी. ‘स्ट्राँग’, ‘हेवी’, ‘फिटनोट्स’ अशी अनेक अ‍ॅप्स उपलब्ध आहेत. नावापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोन संचांमधील विश्रांतीच्या वेळात नोंद पूर्ण व्हावी. ज्याला चष्मा शोधावा लागतो त्याला गुंतागुंतीचे अ‍ॅप दोन दिवसांत नकोसे होते. दुसरी, त्याच व्यायामाचे मागील आकडे समोर दिसावेत. तिसरी, दुखणे, चक्कर, रक्तदाब यांविषयी दोन शब्द लिहिण्यास जागा असावी. चौथी, सर्व नोंदी बाहेर काढून डॉक्टरांना दाखविता याव्यात आणि परवानगीवाचून इतरांकडे जाऊ नयेत. ‘स्ट्राव्हा’ या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून २०१८ साली लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या, हे विसरू नये.

अ‍ॅपची मर्यादाही सांगितली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या एका सदुसष्ट वर्षांच्या काकांनी, अ‍ॅपवरील ‘सलग चाळीस दिवस’ हा आकडा मोडू नये म्हणून, तापातही व्यायाम सुरू ठेवला आणि पाठ धरून ते दवाखान्यात आले. “काका, तब्येत बरी नसताना कशाला?” असे विचारले, तर म्हणाले, “साखळी तुटली असती ना!” वस्ताद असते, तर त्यांनी चेहरा पाहूनच घरी पाठविले असते. श्वास रोखून वजन उचलल्यास रक्तदाब क्षणात किती चढतो, हे आपण जाणतो. अ‍ॅपला तो श्वास दिसत नाही. म्हणून सलग दिवस मोजून शाबासकी देणाऱ्या अ‍ॅपपेक्षा, विश्रांतीचा दिवसही नोंदू देणारे साधे अ‍ॅप बरे. तेही जमत नसेल, तर चाळीस पानी वही आणि पेन्सिल पुरे.

तात्पर्य, स्मरण अ‍ॅपकडे सोपवावे, निर्णय नव्हे. डॉक्टर-मित्रांना माझी नम्र विनंती आहे की, यापुढे चिठ्ठीवर कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा आणि केव्हा थांबावे, या चार ओळी लिहाव्यात. आणि पुढील भेटीत रक्ताच्या अहवालाबरोबर व्यायामाची नोंदही मागावी. रुग्ण नोंद ठेवतील ती आपण वाचतो म्हणून. वस्तादांची ती नजर आता आपल्यालाच व्हावे लागेल.