सेनापतीचे मौन

१९३९-४०च्या हिवाळ्यात ऱ्हाइनकाठच्या कोब्लेंझ शहरी जर्मनीच्या 'अ' सैन्यगटाचे मुख्यालय होते. त्या मुख्यालयात दोन कुशाग्र अधिकारी एकत्र काम करीत होते. एक, चीफ ऑफ स्टाफ एरिक फॉन मॅनस्टाइन. दुसरे, त्यांच्या हाताखालचे हेनिंग फॉन ट्रेस्को. फ्रान्सवरील मुख्य आघात आर्देनच्या अरण्यातून करावा, ही मॅनस्टाइन यांची कल्पना वरिष्ठांना मान्य नव्हती. हिटलरचा लष्करी सहायक हा ट्रेस्को यांचा जुना स्नेही. त्याच्यामार्फत ती कल्पना थेट हिटलरच्या कानी गेली आणि १७ फेब्रुवारी १९४० रोजी मॅनस्टाइन यांनी ती त्याच्यासमोर स्वतः मांडली. १० मे रोजी आक्रमण सुरू झाले; २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर स्वाक्षरी केली. सहा आठवड्यांत एक महासत्ता कोसळली!

येथपर्यंत दोघांचा मार्ग एक होता. पुढे तो कसा दुभंगला, हे पाहण्याजोगे आहे.

मॅनस्टाइन यांच्या युद्धकौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९४२च्या जुलैमध्ये सेवास्तोपोलचा बलाढ्य किल्ला त्यांनी जिंकला आणि ते फील्ड मार्शल झाले. स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या सैन्याची सुटका करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पण त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, मार्च १९४३ मध्ये, त्यांनी खारकोव्ह परत घेतले. माघारीच्या प्रश्नावर हिटलरशी वाद घालण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते. त्या वादांची परिणती म्हणूनच ३० मार्च १९४४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. युद्धकथांच्या आपल्याकडील वाचकांना अशा सेनानींचे आकर्षण वाटते, ते स्वाभाविक आहे.

पण या चरित्राचे दुसरे पान उलटलेच पाहिजे. क्रिमियात अकराव्या सेनेचे नेतृत्व करीत असताना २० नोव्हेंबर १९४१ रोजी मॅनस्टाइन यांच्या स्वाक्षरीने एक आज्ञापत्र निघाले. ज्यूंना दिल्या जाणाऱ्या कठोर शासनाची आवश्यकता सैनिकांनी समजून घ्यावी, असे त्यात बजावले होते. शत्रूच्या शहरांतील बहुसंख्य लोकांना उपाशी राहावे लागेल, हेही त्यात होते. त्याच प्रदेशात ओटो ओलेनडॉर्फ याचे एसएस संहारपथक वावरत होते. डिसेंबरमध्ये सिम्फरोपोल शहरात दहा हजारांहून अधिक ज्यूंची हत्या झाली. त्यासाठी सैन्याने वाहने आणि माणसे पुरविली. आपल्या कारकिर्दीच्या एका वर्षात पथकाने सुमारे ९० हजार माणसे मारली, असे ओलेनडॉर्फने न्युरेंबर्गच्या न्यायासनासमोर शांतपणे सांगितले. ऑगस्ट १९४६ मध्ये मॅनस्टाइन यांना त्यांचे आज्ञापत्र दाखविण्यात आले, तेव्हा ते आपल्याला आठवत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. वर्षांपूर्वीच्या चढाईतील प्रत्येक डिव्हिजनची हालचाल स्मरणात ठेवणाऱ्या सेनापतीला एवढेच आठवू नये?

इकडे ट्रेस्को यांनी पूर्व आघाडीवरील हत्याकांडे पाहिली आणि ते हिटलरविरोधी कटाचे सूत्रधार झाले. तेही निष्कलंक नव्हते; त्यांच्या सैन्यगटाच्या प्रदेशातही अत्याचार झाले होते. पण त्यांच्या मनाने अखेर कौल दिला. १३ मार्च १९४३ रोजी त्यांनी हिटलरच्या विमानात मद्याच्या बाटल्यांचे पुडके म्हणून बॉम्ब ठेवविला. तो फुटला नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात कटवाल्यांपैकी रुडॉल्फ फॉन गेर्सडॉर्फ मॅनस्टाइन यांना भेटले. प्रशियाचे फील्ड मार्शल बंड करीत नसतात, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे गेर्सडॉर्फ यांनी नमूद केले आहे. २० जुलै १९४४चा उठाव फसला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रेस्को यांनी आघाडीवर जाऊन मृत्यूला कवटाळले.

हे वाचताना कौरवांची द्यूतसभा डोळ्यांसमोर येते. द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांसारखा ज्ञानी योद्धा धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून थांबला. सिंहासनाशी बांधलेली निष्ठा मोठी ठरली. भीष्मांचे शौर्य कोणी नाकारत नाही. पण सभेतील त्या मौनाबद्दल हजारो वर्षे आपण त्यांना प्रश्न विचारीत आलो आहोत. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी निदान युधिष्ठिराला राजधर्म सांगितला. मॅनस्टाइन यांनी पराभवानंतर काय सांगितले?

१९४९ मध्ये हॅम्बुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. त्यांच्या बचावनिधीस चर्चिल यांनी २५ पौंड दिले, तर मजूर पक्षाचे खासदार रेजिनाल्ड पॅगेट यांनी त्यांची बाजू लढविली. सतरांपैकी नऊ आरोप सिद्ध झाले. त्यांत नागरिकांच्या रक्षणात केलेली हयगय आणि प्रदेश उद्ध्वस्त करण्याचे धोरण यांचा समावेश होता. अठरा वर्षांची शिक्षा पुढे बारांवर आली आणि १९५३ मध्ये सुटकाही झाली. १९५५ मध्ये त्यांचे 'हरवलेले विजय' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. सगळा दोष हिटलरच्या हट्टाचा, सेनानी मात्र निर्दोष, असा त्याचा सूर आहे. सिम्फरोपोलच्या खंदकांविषयी त्यात मौन आहे. शीतयुद्धात जर्मन सैन्याची गरज असलेल्या पश्चिमेने ते मौन सोयीस्कर मानले. नव्या सैन्याच्या उभारणीत त्यांचा सल्ला घेतला गेला आणि १९७३ मध्ये लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. वेहरमाख्टच्या गुन्ह्यांवरील प्रदर्शन १९९५ मध्ये हॅम्बुर्गहून निघाले, तेव्हा कुठे सामान्य जर्मन कुटुंबांत या कथेची उघड चर्चा सुरू झाली.

शिस्तीचे मोल आपल्यापैकी बहुतेकांना बालपणापासून शिकविले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. शिस्तीविना सैन्य उभे राहत नाही, संघटनाही नाही आणि घरही नाही. परंतु शिस्त हे साधन आहे. कोणत्या कार्यासाठी ती वापरली जात आहे, हा प्रश्न विचारण्याचे दायित्व आज्ञा मानणाऱ्यावरून कधीच उतरत नाही. तो प्रश्न विचारणे गैरशिस्त असे ज्या दिवशी वाटू लागेल, त्या दिवशी सर्वांत गुणवान माणूसच सर्वांत घातक ठरेल.

ज्या सैन्याच्या उभारणीत मॅनस्टाइन यांनी सल्ला दिला, त्याच सैन्यासाठी १९५६ मध्ये जर्मन संसदेने कायदा केला. ज्या आज्ञेच्या पालनाने गुन्हा घडेल ती आज्ञा पाळू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. फील्ड मार्शलांनी जे आयुष्यभर उच्चारले नाही, ते त्यांच्या देशाला कायद्यात लिहून ठेवावे लागले.