यंत्राचा श्वास

टर्बो असलेल्या मोटारीची मूळ हवागाळणी काढून तेथें उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी बसविण्याची हौस आमच्या मुरबाड-शहापुराकडील तरुणांसही लागली आहे. हवा अधिक, म्हणून जोर अधिक, हा त्यांचा हिशेब. तो खोटा नव्हे, अपुरा आहे.

टर्बो म्हणजे एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या बळावर फिरून आंत हवा दाबून भरणारा पंखा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या पात्यांना गाळणींतून निसटलेली धूळ कानशीप्रमाणें झिजविते. आणि धूळ आमच्याकडे थोडी का आहे! चैत्रांत डोळखांबच्या आंतल्या गांवांकडे जाणारी एखादी मातीची वाट पाहावी. शिवाय उघडी गाळणी बॉनेटखालचीच तापलेली, विरळ हवा ओढते. माळशेजच्या चढावर, जेथें जोर हवा, नेमका तेथेंच तो उणा पडतो.

खर्च करावयाचाच तर बंद पेटी कायम ठेवून बाहेरची गार हवा आणणारी चांगली नळी घ्यावी, आणि कागदी गाळणी मुदतीपूर्वींच बदलावी, असें आमचें मत आहे. ज्या घराची चूल भाड्याच्या जीपवर पेटते, तेथील पालकांनीं तरी मुलाचा हट्ट पुरविण्यापूर्वीं दोन्ही किंमती विचाराव्या. कागदी गाळणीस कांहीं शें रुपये पडतात. टर्बो बदलण्यास कित्येक हजार.