माशांची मरी आणि माळव्याची तळी

गावात लागोपाठ दोन गाई मेल्या तर बोभाटा होतो, पशुवैद्य येतो, पंचनामा होतो. तळ्यातले मासे मेले तर ते वाऱ्याने काठाला लागतात, घारी-कावळ्यांची झुंबड उडते आणि ‘पाणी बिघडले’ एवढ्या निदानावर प्रकरण मिटते. पाणी खरोखरच बिघडले होते की मासळीला विषाणूची बाधा झाली होती, हे विचारणारा तेथे सहसा कोणी नसतो. धार आणि देवास या माळव्यातील दोन जिल्ह्यांच्या निमित्ताने या प्रश्नाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. समुद्रकाठच्या पत्राने माळव्याच्या तळ्यांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. पवारांच्या या संस्थानांशी मराठी माणसाचा ऋणानुबंध आहे, हे एक कारण झाले. दुसरे अधिक रोखठोक आहे. धारच्या दक्षिण सीमेवर सरदार सरोवराचे जे पाणी तुंबले आहे, तेच पुढे आमच्या नंदुरबारच्या डोंगरांना भिडते.

किनाऱ्याला हा धडा महागात मिळाला आहे. १९९४-९५ च्या सुमारास कोळंबीच्या तळ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग आला. लक्षणे दिसल्यापासून तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे रिकामे होई. पूर्व किनाऱ्यावर कर्ज काढून तळी खणणारे अनेक जण त्यात बसले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या प्रश्नावर या धंद्याला चाप लावला, २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा कायदा झाला. पुढे परदेशी कोळंबीचे जनक आणताना चेन्नईस विलगीकरणाची सोय झाली, बीज तपासून घेण्याची सवयही लागली. हे सर्व योग्यच झाले. परंतु ते झाले कोळंबी परकीय चलन मिळवते म्हणून, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. कटला, रोहू आणि मृगळ डॉलर आणत नाहीत. ते आठवडी बाजारात विकले जातात.

गोड्या पाण्यालाही इशारा मिळालेला नाही असे नाही. १९८८ मध्ये ईशान्येकडून व्रणांचा रोग देशात शिरला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक राज्यांत पसरला. मरळीसारख्या जंगली माशांच्या अंगावर खोल जखमा पडू लागल्या, नद्या आणि तळी असा भेद त्याने ठेवला नाही. आजारी माशांत विषाणू सापडले, म्हणून तेच कारण असावे असा तर्क प्रथम झाला. खरा अपराधी एक बुरशीसदृश सूक्ष्मजीव आहे, हे ठरायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळात लोकांनी मासळी खाणेच सोडले आणि निरोगी मासे विकणाऱ्यांचीही चूल थंडावली. माशांचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, हे ठामपणे सांगणारा अधिकारी वेळेवर पुढे आला नाही तर काय होते, याचा तो नमुना होय.

त्या रोगावर निदान चुना आणि भुवनेश्वरच्या संस्थेने तयार केलेले औषध तरी होते. विषाणूजन्य रोग तळ्यात उतरला की त्यावर औषधच नाही. दुकानदार प्रतिजैविकांच्या पुड्या देतो, त्यांचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. टिलापिया माशाचा विषाणू २०१४ मध्ये इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी उजेडात आणला. २०१८ मध्ये तो पश्चिम बंगाल आणि केरळात आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आता बंगाल हा मत्स्यबीजाचा जुना पुरवठादार. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून तेथले बीज आगगाडीने आणि मालमोटारींनी देशभर जाते. पिशवीत बोटुकल्या किती, हे मोजले जाते; त्यांच्याबरोबर आणखी काय आले, हे बहुधा कोणी पाहत नाही. जपानमध्ये २००३ साली कासुमिगौरा सरोवरातील पाळीव कार्प माशांत नागीण वर्गातील विषाणूची साथ आली. दुसऱ्या वर्षी बिवा सरोवरात लाखभर जंगली कार्प मेले. हाच कार्प सायप्रिनस या नावाने आपल्याकडे तळ्यातळ्यांतून सोडला जातो.

धार-देवासच्या तळ्यांत आज साथ आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण तेथे ती आली तर तिला वाटा किती आहेत, हे नकाशा उघडून पाहावे. धार जिल्ह्यात मही उगम पावते, उत्तरेचे पाणी चंबळेला मिळते, दक्षिणेचे नर्मदेला. देवासच्या बागलीकडे कालीसिंध उगम पावते आणि नेमावरला नर्मदा आहे. म्हणजे या उंचवट्यावरच्या तळ्याची पाळ पावसाळ्यात ओसंडली की रोगी मासा गंगेच्या खोऱ्यातही जाईल आणि खंबायतच्या आखाताकडेही. नर्मदेतला महशीर आधीच धरणांनी बेजार झाला आहे; मध्य प्रदेशाने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला, पण मान दिल्याने रोगप्रतिकार वाढत नाही.

देवासला एके काळी एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या नांदत. संस्थाने गेली, पात्या मात्र राहिल्या असे वाटते. लहान तळी ग्रामपंचायतीकडे, मोठी जनपद वा जिल्हा पंचायतीकडे, विशाल जलाशय मत्स्य महासंघाकडे. आणि मेलेला मासा कोणाकडेच नाही. जलचरांच्या रोगांवर देखरेखीची राष्ट्रीय योजना २०१३ पासून लखनौच्या संस्थेमार्फत चालते, २०२३ मध्ये रोग कळवण्यासाठी मोबाईलवर सोयही झाली. परंतु विषाणूच्या तपासणीस मरणपंथाला लागलेला मासा ताजा असतानाच लागतो. उन्हात कुजलेल्या माशाचे छायाचित्र पाठवून प्रयोगशाळेला काय समजणार? जबलपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पण धारच्या केवटाने बर्फाची पेटी घेऊन इतका प्रवास करावा, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय धार आणि देवास या दोहोंनाही जवळ आहे. मत्स्यरोगांच्या तपासणीची कायम सोय तेथे असावी.

त्याहून अवघड मुद्दा भरपाईचा. साथ कळवली की तळे बंद होणार, मासळी पुरावी लागणार आणि ठेक्याचे पैसे मात्र भरावे लागणार, असा हिशेब असेल तर कोणती मच्छीमार सहकारी संस्था तोंड उघडील? ती रातोरात जाळे टाकून मिळेल त्या भावाने माल विकील, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आम्हाला तरी नाही. कळवणाऱ्याचा त्या वर्षाचा ठेका माफ करावा, बीज विकणाऱ्याकडून निरोगीपणाचा दाखला सक्तीने घ्यावा, आणि हे पावसाळ्यात बोटुकल्या पाण्यात पडण्यापूर्वी व्हावे. एकदा त्या तळ्यात सोडल्या की दाखला कोणाच्या नावाने मागणार?