दाराबाहेरच्या जागेचा हिशेब

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या स्वतंत्र सदनिकेत जाणे ही लहान झेप नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक शौचालयापुढे रांग लावलेल्यांना चाळ संस्कृतीचे गोडवे बाहेरच्यांनी ऐकवू नयेत. तरीही पुनर्विकासाच्या या हिशेबात एक जागा मोजली जात नाही. ती म्हणजे दाराबाहेरची.

बीडीडी चाळींत ही जागा दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणाऱ्या पॅसेजची होती. गिरगावातील जुन्या चाळींत ती लाकडी कठड्याच्या गॅलरीची. वाळवणे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची खुर्ची, उन्हाळ्यातली अंथरुणे हे सारे तिथेच. जिन्याकडे जाताना शेजाऱ्याच्या दारावरून जावेच लागे, त्यामुळे ओळखीसाठी आमंत्रण लागत नसे आणि सकाळी न दिसलेल्या वृद्धाची चौकशी दुपारच्या आत होई. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, त्यामागेही असेच एकत्र राहणे होते. अर्थात हीच गॅलरी मुलींच्या येण्याजाण्यावर पाळतही ठेवी, हे विसरून चालणार नाही.

ही जागा नाहीशी होण्यात बदलत्या आवडीनिवडींपेक्षा नियमांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनीला मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून सूट होती. बिल्डरांनी बाल्कन्या दाखवल्या, शुल्क भरून त्या बंदिस्त केल्या आणि खोल्यांत मिसळून विकल्या. हा गैरवापर रोखण्यासाठी २०१२ मध्ये बाल्कनी एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली. त्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य घेऊन ३५ टक्के फंजिबल एफएसआय मिळाला. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राच्या व्याख्येतून बाल्कनी व व्हरांडा वगळला. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण दोन्ही नियम एकत्र वाचले तर बाल्कनी बिल्डरच्या एफएसआयमधून वजा होते आणि ग्राहकाच्या चटईक्षेत्रात जमा होत नाही. मग ती कोण बांधील? सामाईक गॅलरीला तर मालकच नसतो. टॉवरमधली लॉबी हा आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असल्याने तिथे खुर्ची ठेवणेही नियमभंग ठरते.

उंच इमारतीत व्हरांडा टिकत नाही, वारा-पाऊस आत येतो, असा युक्तिवाद केला जातो. चार्ल्स कोरिया यांच्या कंबाला हिलवरील २८ मजली कांचनजंगा इमारतीने तो १९८३ मध्येच खोडून काढला. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा ऊन-पावसापासून घराला वाचवी. ती कल्पना त्यांनी दोन मजली उंचीच्या, कोपऱ्यातल्या गच्च्यांमध्ये आणली. मात्र तो श्रीमंतांचा आणि ज्याचा त्याचा खासगी व्हरांडा. त्याच दशकात बेलापूरला सात-सात घरांमध्ये एक अंगण देऊन कोरियांनी सामाईक जागाही आखून दाखवली. ती वसाहत बैठी होती. या दोहोंचा मेळ घालणे स्थापत्यशास्त्राला अवघड नाही.

नियमांनाही ते अवघड नसावे. आगीच्या वेळी थांबण्यासाठी उंच इमारतींत रेफ्यूज एरिया सक्तीचा आहे आणि ठरावीक मर्यादेत तो एफएसआयमधून मुक्तही आहे. बंदिस्त न करण्याच्या अटीवर, सुटकेचा मार्ग मोकळा ठेवून, दर काही मजल्यांवर बसण्याची रुंद सामाईक गॅलरी याच धर्तीवर बंधनकारक करता येईल. खासगी पुनर्विकासात विक्रीयोग्य क्षेत्र घटण्याची तक्रार लगेच होईल. बीडीडी चाळींच्या बाबतीत ती सबब पुढे करता येत नाही, कारण वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील या पुनर्विकासाची सूत्रे म्हाडाकडे, म्हणजे शासनाकडेच आहेत.